श्रावणातील शिखरजी

श्रावण शुद्ध पंचमीची पहाट व्हायला अजून अवकाश होता. मधुबनातील धर्मशाळेच्या पत्र्यावर पाऊस एकसारखा वाजत होता आणि ओसरीवरच्या पिवळ्या दिव्याखाली दोघी जावा हातात काठ्या घेऊन उभ्या होत्या. घड्याळात अडीच वाजले होते. थोरलीने कमरेची पिशवी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. पिशवीत तांदूळ, थोड्या लवंगा आणि बदाम होते. प्रत्येक टोंकेवर वाहायचे द्रव्य. धाकटीच्या पिशवीतही तेच. दोघींनी पिशव्यांना प्लास्टिकचा कागद गुंडाळून वरून सुतळी बांधली होती. अंगावर मात्र घरून आणलेल्या खोळी होत्या. शिरोळ तालुक्यातल्या बायका पावसात भांगलणीला जाताना डोक्यावरून घेतात तशा.

"अक्का, पाऊस जरा उतरू द्यायचा का?" धाकटीने विचारले.

"हा काही उतरायचा नाही. आपण चढायला लागू," थोरली म्हणाली.

थोरलीचे वय 67, धाकटीचे 53. थोरलीच्या दोन वंदना पूर्वी झालेल्या होत्या. पहिली चोविसाव्या वर्षी, सासू-सासऱ्यांच्या सोबत. त्या दिवशी दुपारपर्यंत खाली येऊन तिने सगळ्यांचा स्वयंपाक केला होता. दुसरी पंचेचाळिसाव्या वर्षी, पतीच्या सोबत. त्या वेळी पार्श्वनाथांच्या टोंकेवर दोघांनी मिळून नियम घेतला होता, की जन्मात तीन वंदना करायच्या आणि त्या पायी, डोलीत न बसता. तिसरी राहून गेली आणि चार वर्षांपूर्वी पती गेले. गुडघे दुखू लागल्यावर मुले म्हणाली, "आई, डोलीने जा, नाहीतर भाववंदना कर. नियम घेतला तेव्हा हे गुडघे कुठे होते?" थोरलीने उत्तर दिले नाही. धाकटीने मात्र एक दिवस येऊन सांगितले, "अक्का, मी येते तुमच्यासोबत. माझी एकही झालेली नाही."

या वाक्यामागे बरेच काही होते. वाटणी होऊन दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या, त्याला वीस वर्षे उलटली होती. भांडण म्हणावे असे काही घडले नव्हते, पण सणावारी ताट पोचते करण्यापलीकडे बोलणेही उरले नव्हते. 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावात शिरले तेव्हा दोन्ही घरे एका शाळेच्या खोलीत येऊन पडली आणि तिथे एकाच स्टोव्हवर दोघींनी पुन्हा एकत्र भात शिजवला. नदीकाठच्या त्या गावांत पाऊस म्हटला की माणसे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले ते विचारतात. पावसात नुसते चालायचे, पाण्याची पातळी विचारायची नाही, हा अनुभव दोघींनाही नवा होता.

पावसाळ्यात शिखरजीला निघण्याला घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता. तो अकारण नव्हता. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात, कारण पावसाने जमीन जीवजंतूंनी भरून जाते आणि पाय टाकू तिथे हिंसा घडते. जे साधू टाळतात ते श्रावकाने का करावे, हा प्रश्न रास्तच होता. पण याच श्रावणात, शुद्ध सप्तमीला, भगवान पार्श्वनाथांचा मोक्षकल्याणक दिवस येतो आणि त्या दिवशी निर्वाणलाडू अर्पण करण्यासाठी देशभरातून यात्रेकरू या डोंगरावर येतात. थोरलीच्या पतीची तिसरी वंदना याच पर्वाला करायची इच्छा होती. सप्तमीच्या गर्दीत गुडघ्यांचा निभाव लागणार नाही, म्हणून दोघींनी दोन दिवस आधीची पंचमी धरली. "पाहून चालू. घाई करायची नाही," एवढाच खुलासा थोरलीने घरी केला होता.

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील हा डोंगर नकाशावर पारसनाथ या नावाने आहे. सुमारे 4,480 फूट उंचीचा हा त्या राज्यातील सर्वांत उंच डोंगर. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. आदिनाथ कैलासावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारवरून आणि महावीर पावापुरीहून. बाकी सर्व या एका पर्वतावरून. म्हणून जैनांच्या दृष्टीने सगळा डोंगरच तीर्थ आहे. येथील संथाळ समाजही याला मारांग बुरू, म्हणजे थोरला डोंगर, म्हणून पूजतो. वंदनेचा हिशेब यात्रेकरूंच्या तोंडी ठरलेला असतो: नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी आणि नऊ किलोमीटर उतरण. सत्तावीस किलोमीटर, एका दिवसात, बहुतेकांचे अनवाणी, आणि अनेकांचे डोंगरावर काही न खाता.

मधुबनाचे शेवटचे दिवे मागे पडले तेव्हा डोलीवाले भेटले. बांबूला टांगलेली बैठक, तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि खांद्यावर ओले गमछे. यात्रेकरूच्या वजनावर डोलीचा दर ठरतो, त्यामुळे त्यांची नजर आधी माणसाच्या अंगलटीवर जाते. थोरलीकडे पाहून त्यांतला एक म्हणाला, "माताजी, रास्ता फिसलता है। बैठ जाइए।" थोरलीने हात जोडले आणि ती पुढे निघाली. ते चौघे मात्र काही अंतर राखून मागे येत राहिले. पावसाळ्याच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असते आणि साठी उलटलेली बाई कुठे ना कुठे बसेल, हा त्यांचा अनुभव असावा.

अंधारात चढताना पाऊस दिसत नाही, फक्त ऐकू येतो. सालाच्या उंच झाडांवर तो आधी पडतो, पानांवरून घरंगळतो आणि मग मोठ्या थेंबांनी खाली येतो. त्यामुळे वरचा पाऊस थांबला तरी झाडांखालचा सुरूच राहतो. दोघींजवळ एकच विजेरी होती. ती धाकटीच्या हातात होती आणि उजेडाचे वर्तुळ थोरलीच्या पावलांपुढे पडत होते. पहिल्या अर्ध्या तासातच त्या वर्तुळात इतके जीव दिसले, की धाकटी थबकली. गांडुळे वाटेवर आडवी पसरली होती. काळेभोर वाणी किडे गुंडाळी करून बसले होते. एका दगडावर गोगलगाय शिंगे काढून निघाली होती. पायरीच्या कडेने मुंग्यांची रांग आपली पांढरी अंडी घेऊन वर, कोरड्या जागेकडे, चालली होती.

"आज पंचमी," थोरली म्हणाली. "घरी आज कुणी नांगर धरायचं नाही."

नागपंचमीला शेत नांगरायचे नाही, जमीन खणायची नाही, विळीवर भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही, हे नियम महाराष्ट्राच्या गावोगावी पाळले जातात. जमिनीखालच्या जिवाला त्या दिवशी इजा होऊ नये, एवढी त्यामागची साधी भावना. दोघींनी हे नियम लहानपणापासून पाळले होते. पण पाळण्यासाठी घरात बसून राहणे पुरेसे होत असे. या डोंगरावर बसून भागणार नव्हते. चालायचे आणि तरीही इजा करायची नाही, हे अवघड होते. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्याची आज्ञा आहे. प्रवचनात अनेकदा ऐकलेला हा शब्द त्या पहाटे विजेरीच्या उजेडात एकेका पावलाचा झाला. धाकटी उजेड टाकी, दोघी पाहत, काठी आधी टेकवून जागा मोकळी आहे याची खात्री करीत आणि मग पाय ठेवीत. गंधर्व नाल्यापाशी पोचायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मागून आलेले तरुणांचे दोन जथे जयजयकार करीत पुढे निघून गेले. थोरलीने वाट देऊन त्यांना जाऊ दिले.

"चोविसाव्या वर्षी मीही अशीच पळत गेले होते," ती म्हणाली. "तेव्हा काय तुडवलं आणि काय नाही, आता कोण सांगणार?"

सीता नाल्याला तांबूस पाणी होते आणि त्याचा आवाज बराच आधीपासून येत होता. याच नाल्यावर पहिल्या वंदनेत सासूने द्रव्य धुतल्याची आठवण थोरलीने सांगितली. सासूचे नाव निघाल्यावर दोघी काही वेळ तिच्याविषयी बोलत राहिल्या. एकाच बाईच्या हाताखाली दोघींनी पापड लाटले होते, पण तिच्याविषयी एकत्र बसून कधी बोलल्या नव्हत्या. सासूने मरताना आपल्या पाटल्या कुणाला दिल्या, हा वीस वर्षे न उच्चारलेला विषय त्या पुलाच्या अलीकडे निघाला आणि पुलाच्या पलीकडे संपला. थोरली म्हणाली, "मला दिल्या त्या तुझ्या मुलीच्या लग्नात मी घालणार होते. मग आपलं येणं-जाणंच राहिलं नाही." धाकटीने विजेरी जरा खाली धरली आणि ती म्हणाली, "दगड हलतोय, इथे पाय नका ठेवू."

उजाडले तेव्हा ते उजाडणे फक्त रंगातले होते. काळे होते ते करडे झाले. सूर्य कुठेच नव्हता. ढग झाडांच्या मधून वाटेवर येऊन बसले होते आणि दहा पावलांपुढचा माणूस दिसत नव्हता. वरून परतणारा एखादा यात्रेकरू धुक्यातून अचानक समोर येई, "जय जिनेंद्र" म्हणे आणि मागच्या धुक्यात नाहीसा होई. सात वाजून गेल्यावर गौतम गणधरांच्या टोंकेची पायरी लागली. येथून टोंकांची फेरी सुरू होते. छोटी छोटी पांढरी देवळे, आत पाषाणावर कोरलेले चरण आणि त्या चरणांपुढे वाहायचे मूठभर तांदूळ. दोघींनी खोळीखालून पिशव्या काढल्या. कागद बांधूनही तांदूळ दमट झाले होते आणि तळहाताला चिकटत होते.

कुंथुनाथांचे ज्ञानधर कूट, मग नमिनाथ, अरनाथ, मल्लिनाथ, श्रेयांसनाथ, पुष्पदंत. प्रत्येक टोंकेवर थोरली आत जाऊन चरणांना मस्तक लावी आणि बाहेर येताना धाकटीच्या खांद्याचा आधार घेई. चढताना फारसा न जाणवणारा गुडघा आता उतारावर बोलू लागला होता. पद्मप्रभूंच्या टोंकेवरून उतरताना ती दोनदा थांबली. मुनिसुव्रतनाथांच्या टोंकेनंतर जी वाट लांबवर जाते ती चंद्रप्रभूंच्या ललितकुटाची. सगळ्या फेरीत ही टोंक सर्वांत अवघड मानतात. ती इतरांपासून दूर, वेगळ्या सोंडेवर आहे आणि तिथे जायला मोठा उतार व चढ पार करावा लागतो. त्या वाटेच्या पहिल्याच निसरड्या पायऱ्यांवर थोरलीचा पाय दुमडला. धाकटीने दंड धरला म्हणून ती पडली नाही, पण खाली बसली ती लगेच उठू शकली नाही.

मागून येणाऱ्या डोलीवाल्यांनी डोली खाली टेकवली. कुणी काही बोलले नाही. धुक्यात पाऊस बारीक झाला होता.

"अक्का, डोलीत बसा," धाकटी म्हणाली. "ही एकच टोंक. देवाला काय कळत नाही?"

"देवाला कळेल गं. मी शब्द दिला होता तो त्यांना," थोरली म्हणाली. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे विचारण्याचे कारण नव्हते.

"मग आपण दोघीही इथूनच हात जोडू. पुढच्या वाटेने जाऊ."

"तुझी पहिली वंदना आहे. ती माझ्यापायी अपुरी ठेवायची नाही."

"तुम्हाला पावसात एकटं टाकून मी जाणार नाही."

धाकटीच्या आवाजात हट्ट होता, पण त्याच्याखाली भीतीही होती. गावात पूर आला त्या रात्री नावेत आधी कुणी बसायचे यावरून झालेली घाई, मागे राहिलेल्या माणसांचे धुक्यात विरत गेलेले चेहरे, हे तिच्या डोळ्यांसमोर असावे. एखाद्याला 'तू इथे थांब, मी येते' असे सांगून पावसात पुढे जाणे तिला जमणारे नव्हते.

थोरलीने मग आपल्या कमरेची पिशवी सोडली. आतले तांदूळ चाचपले आणि एका मुठीइतके तांदूळ, एक लवंग व एक बदाम धाकटीच्या पदराच्या टोकाला बांधले. "कृत, कारित, अनुमोदना. पाठशाळेत आपल्याला काय शिकवलं? स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला मनापासून बरं म्हटलं. पापात तिन्ही धरतात, तर पुण्यात का नाही धरायचे? तू जा. तुझे पाय, माझे तांदूळ."

जैन घरांत हे तीन शब्द बहुधा आलोचनेच्या वेळी उच्चारले जातात. मनाने, वचनाने, कायेने. केले, करवले, अनुमोदिले. दोषांची यादी करताना माणूस त्यांचा काटेकोर उपयोग करतो. आपण केलेल्या हिंसेबरोबर आपल्यासाठी दुसऱ्याने केलेली हिंसाही मोजतो. परंतु हीच मोजपट्टी चांगल्या कृतीलाही लागू आहे, हे क्वचितच आठवते. आहारदान देणाऱ्याला जे पुण्य, ते दान पाहून ज्याचे मन भरून येते त्यालाही लाभते, असे पुराणकथा सांगतात. त्या निसरड्या पायरीवर बसलेल्या बाईने तोच सिद्धांत आपल्या गुडघ्यापुरता वापरला.

डोलीवाल्यांतील वयस्कर माणसाने सगळे बोलणे भाषा न समजताही ऐकले होते. त्याने डोलीवरचा प्लास्टिकचा कागद सोडला, दोन झाडांच्या मध्ये बांधला आणि थोरलीला त्याखाली बसवले. "आप जाइए, बेटी। हम बैठे हैं।" आपल्या जोडीदारांना त्याने दुसरे गिऱ्हाईक पाहायला पाठवले आणि स्वतः थोड्या अंतरावर उकिडवा बसून राहिला.

धाकटी निघाली. विजेरीची आता गरज नव्हती, तरी नजर चार हात पुढेच होती. पहाटेपासूनची सवय लागली होती. वाट उतरत गेली, मग उभी चढली. दोन्ही बाजूंची झाडी धुक्यात होती. बाकीच्या टोंकांवरून दऱ्या, जंगल, दूरची गावे दिसतात असे तिने ऐकले होते. चंद्रप्रभूंच्या टोंकेवरून त्या दिवशी काहीच दिसले नाही. पांढरे देऊळ आणि त्याच्याभोवती तितकेच पांढरे आभाळ. आत चरणांपुढे तिने आधी आपले तांदूळ वाहिले, मग पदराची गाठ सोडली. ओलीने घट्ट झालेली गाठ दातांनी सोडवावी लागली. थोरलीचे तांदूळ वाहताना तिने थोरलीचे नाव मनात घेतले आणि मग, न ठरवता, तिच्या पतीचेही. वाटणीच्या वेळी सगळ्यांत कमी बोललेला माणूस तोच होता.

परत यायला तिला जवळजवळ दोन तास लागले. कागदाखाली थोरली जपमाळ घेऊन बसली होती. तिच्या शेजारी ओल्या प्लास्टिकचा एक ढीग होता. यात्रेकरू मधुबनातून स्वस्तातले पातळ रेनकोट विकत घेतात, ते काट्यांना लागून फाटतात आणि वाटेवरच पडून राहतात. बसल्या जागेवरून काठीने जितके ओढता आले तितके तिने गोळा केले होते. डोलीवाल्याने उरलेले आणून दिले होते. ते सगळे तिने एका पिशवीत कोंबले आणि विचारले, "झालं?"

"झालं. दोघींचं," धाकटी म्हणाली.

थोरलीने उठून ललितकुटाच्या दिशेला तोंड केले आणि तीन वेळा नमस्कार केला. गुडघा बसून राहिल्याने थोडा सैलावला होता. पुढच्या फेरीत आदिनाथ, शीतलनाथ, अनंतनाथ, संभवनाथ या टोंका हळूहळू पार पडल्या. जलमंदिराच्या परिसरात पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. ओल्या पायांनी माणसे भिंतीकडेला बसली होती. कुणी दिगंबर, कुणी श्वेतांबर, कुणी गुजरातेतले, कुणी बुंदेलखंडातले. कपडे सगळ्यांचेच एका रंगाचे झाले होते. सुरतच्या एका आजीने थोरलीच्या गुडघ्याकडे पाहून आपल्याजवळचा कापडी पट्टा काढून दिला आणि परत घ्यायला नकार दिला.

पार्श्वनाथांचे सुवर्णभद्र कूट सगळ्यांत उंच आहे आणि फेरीत ते सर्वांत शेवटी येते. तिथे जाणाऱ्या पायऱ्यांवर पावसाने पुन्हा जोर धरला. वाऱ्याने खोळी उलटल्या. धाकटीने आपली खोळ काढून दोघींच्या डोक्यावर धरायचा प्रयत्न केला, पण त्यात दोघीही भिजल्या. या डोंगराचे ज्यांच्यावरून नाव पडले, त्या पार्श्वनाथांच्या चरित्रातही पावसाचा एक प्रसंग आहे. जुन्या वैराने पेटलेल्या कमठाच्या जीवाने ध्यानस्थ पार्श्वनाथांवर मुसळधार पाऊस आणि वादळ सोडले, तेव्हा धरणेंद्राने येऊन त्यांच्या मस्तकावर फणा धरला. परंपरा ही जागा उत्तर प्रदेशातील अहिच्छत्र येथे मानते. पार्श्वनाथांच्या प्रत्येक मूर्तीवर जो फणा दिसतो तो याच कथेतला. कथेत धरणेंद्र पाऊस थांबवत नाही, आणि कमठाशी असलेले जन्मोजन्मीचे वैर संपवणेही त्याच्या हाती नसते. ते पार्श्वनाथांच्या क्षमेनेच संपते. पाऊस सरेपर्यंत तो जवळ राहतो, इतकेच.

टोंकेच्या आत गर्दी होती आणि ओल्या वस्त्रांचा वास होता. थोरली चरणांपुढे बसली ती बराच वेळ उठली नाही. मागच्या माणसांनी घाई केली नाही. बावीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी दोघांनी मिळून घेतलेला नियम तिने मनातल्या मनात कसा सोडवला, हे तिने कुणाला सांगितले नाही. बाहेर आल्यावर तिने पिशवी झटकली. चार दाणे उरले होते. ते तिने झाडाच्या बुंध्याशी, मुंग्यांच्या वाटेपासून थोडे बाजूला ठेवले.

उतरण चढणीपेक्षा कठीण गेली. नऊ किलोमीटरांत दोघी किती वेळा थांबल्या, याची गणती राहिली नाही. आता घड्याळाचीही चिंता होती, कारण सूर्यास्तानंतर दोघीही अन्नपाणी घेत नाहीत आणि पहाटेपासून पोटात काही नव्हते. सहा वाजायला आले तेव्हा मधुबनाची घरे दिसू लागली. "तू पुढे जा, जेवून घे," थोरली म्हणाली. धाकटीने या वेळी ऐकले नाही आणि थोरलीनेही आग्रह केला नाही. भोजनशाळेच्या दारात पोचल्या तेव्हा आवराआवर सुरू झाली होती. वाढणाऱ्याने दोघींच्या पायांकडे पाहिले, बाहेरच्या आभाळाकडे पाहिले आणि लगबगीने वरण-भाताची दोन ताटे मांडली. चूळ भरून त्या उठल्या तेव्हा दिवस मावळायला काही मिनिटे उरली होती.

दारात तो वयस्कर डोलीवाला उभा होता. दिवसभरात त्याच्या डोलीत थोरली बसली नव्हती, पण तिच्यापायी त्याचे दोन तास गेले होते. धाकटीने त्याच्या हातात पैसे ठेवले. त्याने "यह तो ज़्यादा है" म्हणून थोडे परत करायचे पाहिले. थोरलीने हात जोडून ते त्याच्याकडेच ठेवले. मग तिने प्लास्टिकने भरलेली पिशवी धर्मशाळेच्या कचराकुंडीत नेऊन टाकली.

रात्री मुलाचा फोन आला. डोलीत बसलात का, पडलात का, औषध घेतले का, असे प्रश्न झाल्यावर त्याने विचारले, "सगळ्या टोंका झाल्या?"

"पंचविसही झाल्या," थोरली म्हणाली. "चोवीस माझ्या पायांनी, एक तुझ्या काकूच्या पायांनी."

पलीकडच्या खाटेवर धाकटी गुडघ्याला लावायचे तेल हातावर चोळून गरम करीत होती. बाहेर पाऊस चालूच होता. फोन ठेवण्याआधी मुलाने गावाकडची खबर सांगितली: पंचगंगेचे पाणी वाढले आहे, पण अजून पात्रात आहे. थोरलीने ते धाकटीला सांगितले. तिने मान डोलावली, थोरलीचा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावायला सुरुवात केली.